सत्तेचाळीस

संशोधनात नाव लिहीत नाहीत,
म्हणून परळच्या या खोलीत तुम्ही नुसते सत्तेचाळीस.

"घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."
पेन्सिलीचं टोक ओठांनी सारखं केलंत, ब्रशचं करतात तसं,
आणि एका दमात गोल.
मग आकडे. दोनाच्या पोटाला सावली,
आठाला शेपूट, लालबागच्या सलूनवर असायचं तसं.
बाराही आकडे उजवीकडेच, दाटीवाटीने.
डावा अर्धा कोरा.

"इथे काही राहिलं का, चेंदवणकर?"
हे विचारणं नियमात बसत नाही. नाव घेणं तर नाहीच.
"ती जागा प्रोप्रायटरची.
त्यांनी नाव कळवलं नाही अजून."

काटे काढलेच नाहीत.
मी लिहिलं: तीनपैकी एक.

वीस मिनिटांनी पाच शब्द परत मागितले.
दोन आले. तिसरा माझ्या यादीत नव्हता:
टर्पेंटाइन.
त्याला वेगळा रकाना असतो, चुकांचा.

निघताना दारावरच्या 'स्मृती विभाग'पाशी थांबलात.
"विभाग," एवढंच वाचलंत,
अक्षरांवर नख फिरवलंत.
"हाताचं नाही हे. स्टिकर.
उन्हाने जाणार."