हातचा एक

तक्ता माझ्याच हातचा.
गुरुवारची सकाळची फेरी, चारशे बारा माणसं,
प्रत्येकाची चार मिनिटं.
आयविंदने गुणाकार मोठ्यांदा वाचला
आणि कप असा खाली ठेवला
जणू बोट सुटलीसुद्धा.

दुसऱ्या पारड्यात नेसहोल्मचा धक्का:
एक दिवा, एक बाक, मिठाने खाल्लेली साखळी,
आणि तिथून चढणाऱ्या ओडब्योर्गबाई, वय एक्क्याऐंशी.

मी चौकशी केली, नाही असं नाही.
दवाखाना? नाही. बँक? नाही.
पलीकडे मोल्डेला बहीण होती,
ती जाऊन सहा वर्षं झाली.
बाई पलीकडे उतरतही नाहीत, कप्तान म्हणाला.
खिडकीशी बसतात, जाड गोड धिरडं मागवतात,
वर तपकिरी चीज,
आणि त्याच बोटीने परत.

हे किती धरायचं?
त्या रकान्यात मी शून्य लिहिलं नाही,
रिकामा सोडला.
संगणकाने त्याचं शून्य केलं.

खोटं कशाला बोलू, हिशेब मला आवडतो.
याच हिशेबाने रात्रीची शेवटची बोट वाचवली होती मी,
वृद्धाश्रमातल्या पाळीवाल्या बायकांची;
तेव्हा कुणी निर्दय म्हटलं नव्हतं.
घरीही तोच चालतो.
बाबांना फोन गाडी चालवता चालवता,
एक बोगदा संपून दुसरा लागेपर्यंत.
त्यांना आवाज मिळतो, माझा वेळ वाचतो,
कुणाचंच नुकसान नाही.
बोगद्यात असताना ते काय बोलतात
ते मला माहीत नाही.

धक्का बंद. सही माझी.

पहिल्याच गुरुवारी युस्टाइन कप्तानाचा फोन:
"उभी होती. टोपीबिपी घालून.
हातही केला नाही गं, नुसती उभी.
मी वळवली बोट.
चार मिनिटं उशीर. एकाचीही मान
फोनमधून वर झाली नाही.
कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

खिडकीबाहेर फियोर्ड
परातीतल्या पाण्यासारखा.

"वारा," मी म्हणाले.

आता दर गुरुवारी वारा असतो.
परवा आयविंदने विचारलं,
थट्टेत की कसं, कळलं नाही:
"गुरुवारीच बरा सुटतो?"

खोट्याचीही किंमत मांडून पाहिली मी.
प्रत्येक धक्क्यावर असाच वारा सुटला,
प्रत्येक कप्तानाला एकेक ओडब्योर्ग दिसली, तर?
उत्तर वाईट येतं. दोनदा ताडून पाहिलं.

शाळेत हातचा अंकाच्या डोक्यावर लिहायचो आम्ही,
बारीक, पेन्सिलीने,
बेरीज झाली की खोडून टाकायला सोपा.
माझी वही नेहमी स्वच्छ असायची.

काल बोगद्याच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली.
बाबा बोलत होते हिवाळी टायरांबद्दल,
अकरा मिनिटं, फक्त टायर.
मागून ट्रक भोंगे वाजवत गेले.

उद्या गुरुवार.
हवामान खातं म्हणतं, शांत.