पेन्सिलीची नोंद

खालच्या दगडी पुलावर पहिलं चाक आलं
की शाबात घड्याळाची कळ दाबायचा.
आमच्या फाटकापाशी ते चाक पोचलं की पुन्हा.
मधे चार किलोमीटर चढ, सात वळणं,
आणि आमचं दोघांचं न बोलणं.

मग वही. मेंढ्यांच्या हिशेबाची निळी वही,
पुढून कोकरं, लोकर, चीजचे भाव,
मागून सायकलवाले.
एकोणतीस उन्हाळे.

बातम्या मात्र यायच्या हिवाळ्यात.
पिरेनीजवर बर्फ, रस्ता बंद, आणि रेडिओवर
रक्ताच्या पिशव्या, कुणाचा फ्रीज, कुणा डॉक्टरची डायरी.
शाबात पट्टी घेऊन बसायचा
आणि नाव खोडायचा. सरळ रेघ, शाळेतल्यासारखी.
पहिला खोडला. दुसरा. मग चौथा.
एका पानावर न खोडलेला पहिला माणूस
अकरावा होता:
जो फाटकापाशी उतरला, पाणी प्यायला,
माझ्या ॲप्रनला तोंड पुसून म्हणाला,
अजून किती राहिलंय हो?
शाबात म्हणाला, बघ, त्या वर्षी हाच जिंकला.
नऊ वर्षं उशिरा
आम्ही टाळ्या वाजवल्या, स्वयंपाकघरात.

शाबात गेला. घड्याळ माझ्याकडे आलं.

आणि काल ओइहान आला.
गाराझीचा धाकटा. ह्याच्या गुडघ्यांना
मी स्वतः आयोडीन लावलंय.
आदल्या रात्री बादल्या घेऊन
अख्खं गाव डांबरावर वाकलं होतं,
त्याच्या नावाचं एकेक अक्षर गाडीएवढं.
'ओ' मी काढला. जरा वाकडा झाला.

दहा मिनिटं एक्कावन्न.

घड्याळ हलवलं, कानाला लावलं.
वहीतला सगळ्यात वेगवान माणूस,
ज्याच्यावर शाबातने दोन रेघा मारल्यात,
त्याच्याहून तेरा सेकंद कमी.

मी ओरडले. खोटं कशाला बोलू,
घसा बसलाय माझा.
पण तो समोरून गेला तेव्हा
त्याचं तोंड बंद होतं.
एवढ्या चढाला, एवढ्या उन्हात,
ओठ मिटलेले, जणू चर्चमधल्या बाकावर
प्रवचन संपायची वाट बघत बसलाय.
मागचे सगळे मासळीसारखे आ वासून.

लोक म्हणाले, सायकली हलक्या झाल्या.
डांबर नवं आहे. पोरं आता भात तोलून खातात.
वारा पाठीमागून होता.
वारा पाठीमागून होता, असं मीही म्हणाले.
झेंडे तर पुलाकडे फडफडत होते.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं,
मान्य.
पण फुंकर मारायची ती
घरच्या पोराच्या तोंडावर?

संध्याकाळी गाराझी आली चीजचा गोळा घेऊन.
गावभर वाटून, गळ्यात पडून झालं होतं.
माझ्याकडे बसली. सुरीने साल काढत राहिली,
काढून झालेल्या जागीही काढत राहिली.
आता विचारेल, किती वेळ लागला;
मी सांगणार होते, घड्याळ बंद पडलं.

तिने विचारलं,
"तुझ्या फाटकापाशी
तोंड उघडं होतं का गं त्याचं?"

बाहेर मेंढ्या उतरत होत्या त्याच्या नावावरून,
घंटा वाजवत, अक्षराअक्षरावर लेंड्या टाकत.

मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर होतं. दिसलं नाही.
ती म्हणाली, हो. ऊन होतंच.
मग आम्ही चीज खाल्लं.
चांगलं झालं होतं. जरा खारट.

वेळ मी लिहिली आहे वहीत.
पेन्सिलीने.
पट्टी कुठल्या खणात आहे, मला ठाऊक आहे.
काल रात्री तो खण उघडला,
दोरा काढला, सुई काढली,
आणि ॲप्रनचा कुठेही न उसवलेला काठ
शिवत बसले.