ढील

तालमीतनं बाहेर पडलो तेव्हा दोनच गोष्टी उरल्या होत्या,
फुटका कान आणि ही पकड.
ठेकेदार म्हणाला, पकड पुरे.

गगनबावड्याच्या पुढं, घारकड्यावर,
जिथं डोंगर बोलता बोलता गप्प होतो
आणि कोकण पार खाली, धुक्याच्या वाकळेत,
तिथं हवेत रस्ता बांधायचा होता.
कुठं जाणारा नव्हे.
नुसता जाऊन परत येणारा.

त्या टोकाला धाकलू येडगे,
या टोकाला मी,
दोराचा एक फेरा मेखेला, एक माझ्या कमरेला,
टाच खडकाच्या खाचेत.
समोरचा दिसतच नाही अशी कुस्ती, रोज आठ तास.
एक हिसका म्हणजे थांब. दोन, ढील दे. तीन, ओढ.
चौथ्याचं काही ठरलं नव्हतं.

वाऱ्यात हाक वर पोचत नाही,
पोचली तरी माझ्या कानात शिरत नाही.
मी त्याला तळव्यानं ऐकायचो.
ड्रिल काळ्या पाषाणात शिरलं
की दोराचे दात शिवशिवायचे.
मुरूम लागला की सगळं मऊ, गप्प,
आणि तो गप्पपणा नको वाटायचा.
तंबाखू मळताना त्याचा खांदा हलायचा, कळायचं.
खोकला कळायचा.
एकदा तो हजार फुटांवर लोंबत हसला, तेही कळलं.
कशाला, ते संध्याकाळी भाकरी मोडताना सांगितलं:
समोरच्या कपारीत एक वानर
त्याच्याकडं बघत कपाळाला हात लावून बसलं होतं.

उद्यमनगरातनं आलेले ब्रॅकेट, एकेक अठ्ठावीस किलो.
सोळा बसले.
सतराव्याच्या खुणेवर आग्यामोहोळ,
परातीएवढं, काळं, श्वास घेणारं.
साहेब म्हणाले, रात्री पेटवा.
धाकलूचा बाप वेलाच्या शिडीवरनं याच कड्याचा मध काढायचा,
अर्धा काढायचा, अर्धा ठेवायचा.
धाकलू काही बोलला नाही.
खाली उतरला, खडूची खूण थुंकीनं पुसली
आणि तीन हात खाली दुसरी मारली.

त्या दुपारी दोर आला:
एक, दोन, तीन,
चार.

चार म्हणजे काय, मला आजही ठाऊक नाही.
मी ओढला.
ठेक्यातला नव्हे, आखाड्यातला सगळा जोर लावून ओढला.
दोर तळव्यातनं कातडं घेऊन गेला.
धाकलू वर आला तेव्हा त्याला डोळे नव्हते,
दोन सुजलेल्या चिरा होत्या,
आणि ओठ फणसाच्या गऱ्यासारखे.
"चौथ्याचं तुला कसं कळलं रं?"
"न्हाई कळलं. भ्यालो."
मग तो हसला. या वेळी दोर नसून कळलं.

उद्घाटनाला मांडव होता, फीत होती, तिकीट लागू झालं.
भाषणात साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले,
वाऱ्याचेसुद्धा.
सतराव्या ब्रॅकेटपाशी रस्ता जरा उतरतो, मग परत चढतो.
लोकांना तो झोका आवडतो,
तिथं थांबून फोटो काढतात.
वर मधमाश्या आपल्या कामात.

गर्दी पांगल्यावर धाकलू म्हणाला, चल, बघू तरी.
दहा पावलं नीट गेला.
मग दोन्ही हातांनी कठडा धरला.
सहा महिने कड्याला पाय लावून झोपाळ्यागत हिंडलेला हा माणूस,
त्याचे गुडघे लटलट कापत होते.
मान वर न करता त्यानं विचारलं,
"वर कोण हाय?"

वर कुणी नव्हतं.
वरची मेख उपटून नेली होती, भोकात पाणी साचलं होतं.

मी मागनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं,
साल निघून नवं कातडं आलेल्या तळव्यात.
तो बराच वेळ तसाच उभा.
खाली कोकणात कुठंतरी दिवा लागला.
मग त्यानं, मागं न बघता,
सदरा दोनदा ओढून घेतला.

मी ढील दिली.