धारेआधी

बारशाचं नाव ठरत होतं तेव्हा
मी पंख्याची पाती मोजत होते.
तीनच होती.
परत मोजत होते.

बघायला आलेल्या बायका पाळण्यात वाकायच्या,
नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, वाटून घ्यायच्या,
आणि उठता उठता मला विचारायच्या,
"येतंय न्हवं दूध?"
पेठेत नळाचं विचारतात तसं.

अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले.
ओव्याच्या धुरीनं उशी, केस,
हाताच्या रेषासुद्धा कडवट झाल्या.
बाळ रडायचं
आणि मला वाटायचं, शेजारी कुणाचं तरी रडतंय,
कुणीतरी घ्यायला पाहिजे त्याला.

"सुख दुखायला लागलंय तुझं," आई म्हणाली.
रागानं नाही. घाबरून.

एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही.
रात्री तीनला मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी असायचे,
बाळ छातीशी,
आणि खालचा अंधार मला नावानं हाक मारायचा,
माझ्याच आवाजात.
मग भिंतीला पाठ घट्ट लावून बसायचे,
पाय आखडून,
उजाडेपर्यंत.

अण्णा धारेला उठतात साडेतीनला.
त्या रात्री कंदिलासारखा मोबाइल धरून आले,
मला बघितलं,
बादली खाली ठेवली
आणि माझ्या खालच्या तिसऱ्या पायरीवर बसले,
माझ्याकडे पाठ करून.
शेणाचा, पेंडीचा, विडीचा वास.
बोलले काहीच नाहीत.
दुसऱ्या रात्री घोंगडं घेऊन आले.
धारेला उशीर झाला, गंगावेशीत कट्ट्यावर
गिऱ्हाईकं रिकामे पेले घेऊन थांबली.
तिसऱ्या रात्रीही.

बाप आणि बाळंतीण लेक
यांच्यात दुधाचा शब्द कधी येत नाही आमच्यात.
चौथ्या रात्री आला, म्हशीच्या आडून.

"चंद्री ध्येनात हाय का गं, वैजे?
तिसऱ्या येताला रेडकू जवळ येऊ देत न्हवती.
लाथ घालायची.
पान्हा चोरायची म्हणत्यात, पर चोरी कसली?
तिचं तिलाच गावत न्हवतं.
वंगाळ म्हटलं का तिला कुणी?
गोठ्यातली गर्दी हटवली. कोमट पाणी पाठीवर.
रेडकाला बाटलीनं पाजलं तवर, मेलं का ते?
वडगावासनं डाक्टर आणला.
म्हशीला डाक्टर आणतो की आपण.
आणि तू तर..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही.
मला हसू आलं. मग ते हसू थांबेना,
मग ते हसू राहिलं नाही.
मी सांगितलं त्यांना, अंधार काय म्हणतो ते.
अण्णांनी मागे न बघता हात वर केला,
माझा पाय धरला, घोट्याशी,
वासराला धरतात तसा.

सकाळी त्यांनी फेटा बांधला, लग्नात बांधतात तो.
राजारामपुरीत डॉक्टर मुल्लाणी बाईंच्या दारात
बाळ घेऊन दोन तास बसले,
येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत,
"लेकीला दाखवायला आलोय."
लेकीला. बाळाला नव्हे.
आत बाईंनी विचारलं, "तुम्ही कशा आहात?"
आणि तो प्रश्न इतका नवा होता
की मी उत्तर द्यायच्या आधी
कुणाला विचारतायत ते बघायला मागे वळले.

गोळ्या चालू आहेत. पावडरचा डबाही.
आई आता रात्रीचं एक पाजणं स्वतः घेते,
मला झोप म्हणते,
बायका आल्या की दारातच सांगते, "पोरगी झोपलीय,"
आणि त्यांना वाटतं बाळाबद्दल.

बरं वाटतं म्हणावं असं रोज नसतं.
परवा बाळ रडलं आणि मला कळलं,
आपल्याच घरात रडतंय.
एवढंच.

कधी कधी अजून तीनला जाग येते.
जिन्यात बल्ब लागलेला असतो.
तिसऱ्या पायरीवर
घोंगड्याची घडी.