उलटे महिने

शुक्रवारी आमच्या गावात दुकानं लवकर मिटायची.
गाव म्हणजे ओहायोतलं, काचेचा कारखाना बंद पडलेलं.
उरलं होतं एक मैदान, चार खांबांवर दिवे
आणि पाण्याच्या टाकीवर रंगवलेलं १९८८.

त्या साली डग रायनहार्ट
डोक्याला दोनदा मार खाऊन दोनदा उठला
आणि सामना जिंकून दिला.
मी आले तेव्हा तो पहिल्या रांगेत बसायचा,
बायको त्याच्या जाकिटाची चेन लावायची.
लाउडस्पीकरवर त्याचं नाव आलं की सगळं गाव उभं राही.
तोही उभा राही, टाळ्या वाजवी,
कोणासाठी, ते शोधत
इकडेतिकडे बघत.

माझं काम कडेला. बर्फाची पेटी, पट्ट्या, कात्री.
मुलांचे घोटे बांधायचा पगार.
धोत्रे त्यांच्या जिभेला जमेना, म्हणून मिस डी.

बाप पाथरवट होता माझा, लोणंदच्या रस्त्याला.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,
हे मास्तर लिहायचे फळ्यावर, वळणदार अक्षरात.
बाप कधी म्हणाला नाही.
त्याच्या डाव्या डोळ्यात कपची गेलेली.
दगड घ्यायच्या आधी तो हातोडीनं टिचकी मारायचा,
कान लावायचा.
खणखणला तर देवाला.
बद्द वाजला तर म्हणायचा,
"आत भेग हाय. पायरीला ठेव ह्येला.
ह्यो घाव सोसायचा न्हाई, फुटायचा."

एमेट कोव्हाच पडला तिसऱ्या क्वार्टरमध्ये.
उठला.
गाव असं ओरडलं, की दिव्यांवरचे किडे हलले.
माझ्यापर्यंत आला तेव्हा
हनुवटीखालचा पट्टा त्याच्या बोटांना सापडत नव्हता.

महिने सांग, म्हटलं. उलटे.
डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर.
थांबला.
ऑगस्ट.
पुन्हा ऑक्टोबर.
मग अगदी हळू, "मिस डी, प्लीज."

सतरा वर्षांचं पोर. वरच्या ओठावर चार केस.
कोच म्हणाला, "पायावर उभा आहे ना? मग?"
पाठीमागे ती टाकी, उजेडात न्हालेली.
मराठीत दोन्हीला टाकीच म्हणतात,
पण तिथे कोणाला सांगू?

मी त्याचं हेल्मेट पेटीत, बर्फावर टाकलं
आणि झाकण लावून पेटीवर बसले.

सहा गुणांनी हरलो.

सोमवारी पंपावर कोणी बोललं नाही.
गाडीच्या काचेवर अंडी वाळलेली,
ती नखानं खरवडावी लागली.
कोणी मला भित्री म्हणालं,
कोणी म्हणालं, तुमच्यात हा खेळच नाही, तुम्हाला काय कळणार.
गुरुवारी त्याची आई आली, लोरीन,
गोदामातली रात्रपाळी उतरून, कमरेचा पट्टा तसाच.
"कॉलेजची माणसं आली होती त्या रात्री त्याला बघायला.
ठाऊक होतं तुला?"
ठाऊक होतं.
तिनं मान हलवली. दारातच उभी राहिली जरा वेळ.
खोकं उचलताना वाकावं तशी वाकून
माझं पायपुसणं सरळ केलं आणि गेली.

आठ वर्षं झाली.
डगची खुर्ची आता रिकामी ठेवतात.
तिलाही टाळ्या वाजवतात.

परवा टायर पंक्चर झाला.
गॅरेजमध्ये एमेट, पोट सुटलेला, हात काळे.
नट आवळता आवळता, मी न विचारताच,
डिसेंबर, म्हणाला. नोव्हेंबर.
जानेवारीपर्यंत आला, एकही न चुकता,
आणि माझ्याकडे बघितलं नाही.
पैसे पूर्ण घेतले. सुटे तीस सेंटसुद्धा.

जाताना त्यानं पान्यानं चाकावर एक टिचकी मारली.
मी कान दिला.
कॉम्प्रेसर चालू होता.