सात तास

कोर्टाच्या कागदात लिहिलं होतं :
मुलीचा ताबा मध्यावर, नागपूर स्टेशनात.
कुणाच्या मध्यावर, ते नव्हतं लिहिलं.
वहिनी जबलपूरहून सकाळी पोचायची
(आता वहिनी नाही, पण दुसरं काय म्हणू),
भाऊ हैदराबादहून पहाटे निघून, उन्हातून, संध्याकाळी.
समोरासमोर नको म्हणून दोन गाड्यांत सात तास ठेवलेले.
ते कुणाच्याच वाटणीत नव्हते.
ते माझे.

रेवा सहा वर्षांची, पाठीवर तिच्याएवढीच सॅक.
अजनीच्या क्वार्टरात कूलरची टाकी भरेपर्यंत
ती मम्मीची असायची, हिंदीत बोलायची.
बूट घालताना पप्पांची.
मधे कधीतरी, साधारण अडीचला,
फरशीवर पालथी पडून चिंचोके मोजताना
कुणाचीच नसायची.
तेव्हा मी तिला हाक मारत नसे.

एकदा झिरो माइलला नेलं.
घोड्यांकडे तिनं बघितलंही नाही.
बोट फिरवत दोन्ही गावं शोधली,
एकाच दगडावर,
हैदराबादचा आकडा जवळजवळ दुप्पट.
"आत्या, मग हे हाफ कसं?"
"काय माहीत बाप्पा. रस्ता वाकडा असंल."

खोटंच बोलले.
तिचा बाप वकिलाला म्हणाला होता,
माझ्यासमोर, चहा गार होऊ देत,
"लांबचा टप्पा मी घेतो.
तिची कंबर धरते प्रवासात."
मग दोघांनी सह्या केल्या.
हे सहा वर्षांच्या पोरीला
कोणत्या मैलात सांगू?

पलंगाखाली तिच्या चपला असायच्या.
दर उन्हाळ्यात एक नंबर मोठ्या,
सीताबर्डीवरून मीच आणायची.
दोन सुट्ट्या, जाणं धरून येणं धरून
वर्षाला अठ्ठावीस तास घालायच्या चपला.
दुकानदार म्हणायचा, बाई, जुन्या तर नव्याच आहेत.

मागच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली.
कागद संपला.
आता ती कुठूनही कुठेही थेट जाऊ शकते,
विमानाला तर मधे काही लागतच नाही.

काल फोन आला.
"आत्या, मंगळवारी येतेय. पप्पांकडे चाललेय.
तिकीट दोन तुकड्यांत काढलंय,
मधे सात तास ठेवलेत."
काहून, असं मी विचारलं नाही.
फोन ठेवून पलंगाखाली हात घातला.

सहा नंबरच्या आहेत.
होतील बहुतेक.