मॅनेजरशी बोलून येतो

जानेवारीची एकतीस तारीख. सास्काटून.
बाहेर उणे चौतीस.
शोरूमच्या काचेवर आतल्या बाजूनेही हिमाची बुरशी
आणि फळ्यावर माझ्या नावापुढे अकरा गाड्या.
बारावी गेली तर बोनस,
नाहीतर नुसतीच पाठीवर थाप.

हे तिला कसं कळलं कोण जाणे.
मिसेस पावलिशिन पावणेसहाला आली,
पायपुसण्यावर बूट दोनदा आपटले,
स्वतःचा थर्मास माझ्या टेबलावर ठेवला.
(आमची कॉफी फुकट असते.
ती कुणाच्या पैशांची, हे तिला पक्कं ठाऊक.)
चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काटा सांभाळला होता तिने.
ट्रक किती दबलाय बघून वजन सांगायची, म्हणे.

मी विचारलं, महिन्याला किती झेपेल?
म्हणाली, महिन्याचं नंतर बघू.
आधी एकच आकडा लिही,
गाडी या दारातून बाहेर पडेपर्यंतचा.
कर, नोंदणी, तुझी ती कागदपत्रांची फी,
सगळं आत धर.
मी लिहिला.
तिने वाचला, चष्मा काढला
आणि गप्प बसली.

गप्प बसायला आम्हालाही शिकवतात,
तीन दिवसांचा वर्ग असतो त्याचा,
जो आधी बोलला तो बुडाला.
पण ही गप्प होती
काट्याची सुई थरथरायची थांबेपर्यंत
माणूस उभा राहतो, तशी.
शेवटी मीच खाकरलो.
मॅनेजरशी बोलून येतो.

आता सांगायला हरकत नाही,
मागच्या खोलीत डर्विन नूडल्स खात असतो.
आम्ही हॉकीचं बोलतो,
मी घड्याळात चार मिनिटं मोजतो
आणि टाय जरा सैल करून बाहेर येतो,
जसा काही तिच्यासाठी कुणाशी तरी भांडून.

"आज काय खातोय?" तिने विचारलं.

मग पर्समधून दोन कागद,
एक रिजायनाचा भाव, एक प्रिन्स अल्बर्टचा,
इस्त्री केल्यासारखे सपाट.
मी बाराशे उतरलो. मग आणखी सातशे.
गंज न लागण्याचा लेप? नको.
सीटवरचा फवारा? "मी सांडत नाही."
चाकांत नायट्रोजन?
"हवेत तो आहेच की, शंभरात अठ्ठ्याहत्तर.
वरच्या बावीसचे किती लावतोस?"
जुनी गाडी बदल्यात देणार का, म्हटलं.
ती पुतण्याला शनिवारीच विकली होती.

सही करण्याआधी तिने गाडीचं पुस्तक मागितलं.
नऊ वर्षांत कुणी मागितलं नव्हतं.
बोट ठेवून एक पान वाचलं,
मग सर्व्हिस काउंटरवरच्या पाटीकडे मान वळवली.
"तुमची भिंत म्हणते ऑइल पाच हजारांना,
गाडी बनवणारे म्हणतात बाराला.
आपली थंडी धरू. आठ."
आणि वहीत आठ लिहिलं.
फिल्टर ती स्वतः बदलते, अंगणात, मे महिन्यात.
"दोन खटके असतात फक्त.
त्याचे ऐंशी डॉलर घेता ना रे?"

पंच्याण्णव, मी म्हणालो.
खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

बारावी गाडी फळ्यावर चढली.
बोनस तिने किती पोखरला, ते डर्विनला विचारा.

त्या रात्री घरी, गॅरेजमध्ये,
मी माझ्याच गाडीचा कप्पा उघडला.
पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
पान एकशे बावन्न. दोन खटके.
फिल्टर ओढला तर सोबत आलं
गवताचं, गादीच्या कापसाचं एक घरटं
आणि मूठभर सूर्यफुलाच्या बिया,
सोललेल्या एकीकडे, न सोललेल्या एकीकडे.

एवढी वर्षं मी दर सर्व्हिसला पैसे मोजत होतो
आणि बिलावर लिहिलेलं असायचं, फिल्टर बदलला.
बिया मी फेकल्या नाहीत.
एका डब्यात घालून
गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवल्या,
ज्याच्या त्याला.